निजामाच्या हाराखाली आमचेही चार शब्द लिहा

प्रति,
मा. विश्वस्त, रॉयल कलेक्शन ट्रस्ट, लंडन
मा. विश्वस्त, नॅशनल पोर्ट्रेट गॅलरी, लंडन

सादर नमस्कार.

राणी एलिझाबेथ दुसऱ्या यांच्या ज्या तसबिरींत हैदराबादच्या निजामाने दिलेला हिऱ्यांचा हार दिसतो, त्या तसबिरींशेजारच्या माहितीत काही वाक्यांची भर घालावी, ही विनंती करण्यासाठी हे पत्र आहे. मी हार परत मागत नाही. तसबिरी भिंतीवरून उतरवा असेही म्हणत नाही. त्या राहाव्यात, लोकांनी पाहाव्यात आणि पाहताना हा हार कोणत्या राज्यातून, कोणत्या दिवसांत तिथे पोहोचला तेही त्यांना कळावे, इतकेच माझे म्हणणे आहे.

मी मराठवाड्यातली. इतिहास शिकवण्यात माझी नोकरी गेली. सप्टेंबर १९४८ पर्यंत आमचा सगळा मुलूख त्याच निजामाच्या राज्यात होता. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद हे पाच मराठी जिल्हे, तेलंगणाचे आठ आणि कानडी मुलखातले तीन असे सोळा जिल्हे मिळून हैदराबाद संस्थान होते. लोकसंख्या दीड कोटीच्या वर. त्यामुळे या हाराबद्दल बोलायचा थोडा हक्क आम्हालाही आहे, असे मी मानते.

आधी तसबिरींविषयी. फेब्रुवारी १९५२ मध्ये राजे सहावे जॉर्ज वारले आणि पंचवीस वर्षांची मुलगी गादीवर आली. त्यानंतरच्या काही आठवड्यांतच डोरोथी विल्डिंग यांनी नव्या राणीची छायाचित्रे काढली. पार्श्वभूमी साधी, प्रकाश स्वच्छ, मान किंचित वळलेली आणि गळ्यात हा हार. याच छायाचित्रमालेवरून टपाल तिकिटे निघाली आणि जगभरच्या ब्रिटिश वकिलातींच्या भिंतींवर तिच्यातल्याच तसबिरी लागल्या. साम्राज्य आवरते घेत असलेल्या देशाने आपल्या नव्या राणीचा चेहरा जगाला दाखवला, तो असा. विल्डिंग यांच्या कामाविषयी मला मनापासून आदर आहे. दागिन्याने चेहरा झाकून जाऊ नये याचे भान त्या छायाचित्रांत जागोजाग दिसते. पुढे फेब्रुवारी २०१४ मध्ये हाच हार केंब्रिजच्या डचेस केट यांनी घातला, तोही नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीच्याच समारंभात. दुसऱ्या दिवशी जगभरच्या वर्तमानपत्रांत त्याचे फोटो आले. आमच्याकडच्या मराठी वर्तमानपत्रांनीही ‘निजामाचा हार’ म्हणून कौतुकाने बातमी दिली.

त्या बातमीत आणि एरवीही, या हाराची गोष्ट नेहमी एकाच पद्धतीने सांगितली जाते. जगातला सर्वांत श्रीमंत माणूस म्हणून गाजलेल्या निजाम मीर उस्मान अली खान यांनी लंडनच्या कार्तिये या जवाहिऱ्यांच्या पेढीला निरोप दिला की राजकन्येला लग्नाची भेट म्हणून जे आवडेल ते तिने स्वतः निवडावे. राजकन्येने एक टियारा, म्हणजे डोक्यावर घालायचा मुकुटासारखा दागिना, आणि एक हार निवडला. टियाऱ्यावर इंग्रजी गुलाबांची फुले होती. ती सुटी करून पिनांसारखी वापरता येत. इथे गोष्ट संपते. ऐकायला गोड आहे आणि खोटीही नाही. पण लग्न २० नोव्हेंबर १९४७ ला झाले, आणि ही तारीख हैदराबादच्या बाजूने वाचली की गोष्ट इथे संपवता येत नाही.

त्याआधी एक गैरसमज बाजूला काढते, कारण तो आमच्याकडेही घट्ट रुजला आहे. निजामाचा हार म्हटले की लोक समजतात हिरे गोवळकोंड्याचे, म्हणजे आमच्या मातीतले. तसे म्हणायला आधार नाही. हा हार कार्तियेने १९३० च्या दशकातच घडवलेला होता आणि राजकन्येने तो तयार मालातून पसंत केला. हैदराबादेतून लंडनला हिरे गेले नाहीत, पैसा गेला. त्यामुळे कोहिनूरच्या बाबतीत विचारतात तसा ‘हिरा कोणाचा’ हा प्रश्न इथे विचारून उपयोग नाही. इथे विचारायचे ते पैशाबद्दल. तो कोणाच्या हातून, कसा गोळा झाला होता?

निजामाच्या उत्पन्नाची रचना समजून घ्यावी लागेल. संस्थानातली सुमारे दहावा हिस्सा जमीन ‘सर्फ-ए-खास’ होती, म्हणजे निजामाची स्वतःची. तिचा महसूल राज्याच्या खजिन्यात न जाता थेट त्यांच्या खाजगी तिजोरीत जाई. औरंगाबाद आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतले काही तालुके या सर्फ-ए-खासमध्ये होते. त्या तालुक्यांतल्या कुळाने ज्वारी-कापूस पिकवून भरलेला सारा हा एका माणसाचा खाजगी पैसा होता. याखेरीज सरदार-जहागीरदारांनी आणि अधिकाऱ्यांनी द्यायचे नजराणे. जहागिरींचा पसारा वेगळाच, तिथला रयतेचा वाली तो जहागीरदारच. खालशातल्या, म्हणजे थेट सरकारच्या, गावांत सारा वसूल करणारे पटेल-पटवारी, माल आत-बाहेर नेताना करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका, शिंदीवरचा अबकारी कर, युद्धकाळापासून धान्याची सक्तीची लेव्ही, आणि गरिबाच्या मागे वेठबिगार. हे शब्द आमच्याकडच्या म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात अजून येतात. आमच्या घरी माझी आजी ‘करोडगिरी’ हा शब्द उच्चारताना आवाज खाली आणायची. नाका कधीचा उठून गेला होता, पण सवय राहिली होती.

निजामाचा खाजगी पैसा कुठे संपतो आणि राज्याचा कुठे सुरू होतो, हे सांगणे किती अवघड आहे याचा अनुभव आपल्या लंडनलाही आहे. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबादच्या एका अधिकाऱ्याने लंडनच्या बँकेतून दहा लाख पौंडांहून थोडी अधिक रक्कम पाकिस्तानच्या उच्चायुक्तांच्या खात्यावर वळवली. ती नेमकी कोणाची, यावर सत्तर वर्षे वाद चालला. ऑक्टोबर २०१९ मध्ये इंग्लंडच्या उच्च न्यायालयाने पाकिस्तानचा दावा फेटाळला आणि भारत सरकार व निजामाचे वारस यांच्या बाजूने निकाल दिला. तोपर्यंत ती रक्कम साडेतीन कोटी पौंडांवर गेली होती. एका खात्याचा उगम तपासायला लंडनने एवढे कष्ट घेतले. त्याच निजामाच्या पैशाने घेतलेल्या हाराखाली मात्र ‘भेट’ या शब्दापुढे कोणी जात नाही.

आता नोव्हेंबर १९४७.

त्या वर्षीच्या जूनमध्ये निजामांनी फर्मान काढले होते की इंग्रज गेल्यावर हैदराबाद भारतात जाणार नाही आणि पाकिस्तानातही जाणार नाही, ते सार्वभौम राहील. हैदराबाद स्टेट काँग्रेसने ७ ऑगस्टला ‘भारतीय संघराज्यात सामील व्हा’ दिन पाळायची हाक दिली आणि सत्याग्रह सुरू झाला. १५ ऑगस्टला देशभर तिरंगा चढला. आमच्याकडे तो चढवणे गुन्हा होता. स्वामी रामानंद तीर्थांनी हैदराबादेत झेंडा फडकावला आणि त्यांना पकडून तुरुंगात टाकले. स्वामीजींना मराठवाड्यात ओळख करून द्यावी लागत नाही, पण आपल्याकडे द्यावी लागेल. संन्यास घेतलेला हा माणूस आधी शिक्षक होता आणि नंतर संपूर्ण संस्थानाच्या लोकलढ्याचा पुढारी झाला. त्यांच्याबरोबर शाळामास्तर, वकील, शेतकरी, विद्यार्थी, बाया असे हजारो लोक तुरुंगात गेले. पोरांनी शाळा सोडल्या. गावोगाव सरकारचे उत्पन्न बुडवण्यासाठी शिंदीची झाडे तोडली गेली, करोडगिरीचे नाके जाळले गेले, लेव्ही द्यायला नकार दिला गेला. सरहद्दीपलीकडे, भारताच्या हद्दीत, कार्यकर्त्यांची शिबिरे उभी राहिली. बार्शी-सोलापूरकडच्या जुन्या माणसांना ती आठवतात.

दुसऱ्या बाजूला कासिम रझवी आणि त्यांचे रझाकार, म्हणजे निजामाचे राज्य टिकवू पाहणारे सशस्त्र स्वयंसेवक, होते. रझवी आमच्या लातूरचे वकील. ऑक्टोबर संपता संपता निजामाचे शिष्टमंडळ दिल्लीला बोलणी करायला निघणार होते. त्या रात्री रझवींच्या लोकांनी शिष्टमंडळातल्या सदस्यांच्या घरांना वेढा घातला. त्यात सर वॉल्टर मॉन्क्टन होते. हे नाव आपल्या ओळखीचे असणार. १९३६ मध्ये राजे आठवे एडवर्ड यांनी गादी सोडली तेव्हा त्यांचे सल्लागार असलेले हेच वकील निजामाचेही घटनात्मक सल्लागार होते. म्हणजे राजकन्येच्या लग्नाच्या तीन-साडेतीन आठवडे आधी, तिच्या काकांचा विश्वासू माणूस हैदराबादेत जमावाने घेरलेल्या घरात होता. लंडनच्या राजवाड्यापासून हैदराबाद तेव्हा वाटते तितके लांब नव्हते.

आणि निजामाला लंडन लांब पडून परवडणारही नव्हते. पहिल्या महायुद्धात त्यांनी ब्रिटिशांना पैसा दिला, त्यांच्या पैशावर उभ्या राहिलेल्या विमानदळाच्या तुकडीला हैदराबादचे नाव मिळाले, आणि ‘ब्रिटिश सरकारचे विश्वासू दोस्त’ हा किताब त्यांना लाभला. १९४७ मध्ये ब्रिटन आपल्याला वाऱ्यावर सोडणार नाही, राष्ट्रकुलात हैदराबादला स्वतंत्र जागा मिळेल, अशी त्यांची धडपड चालू होती. लग्नाची भेट देताना त्यांच्या मनात केवळ जुना स्नेह होता की त्यात राजकारणही होते, हे मी सांगू शकत नाही आणि सांगूही नये. पण एवढे मोठे दान एका राज्याच्या भवितव्याचा फैसला चालू असताना दिले गेले, हे वाचकाला कळले तर तो आपल्या मनाने विचार करील. लग्नानंतर नऊ दिवसांनी, २९ नोव्हेंबरला, भारत आणि हैदराबाद यांच्यात वर्षभराचा ‘जैसे थे’ करार झाला.

त्याच लग्नाच्या भेटींत आणखी एक भारतीय भेट होती. अडीच हजारांहून अधिक वस्तू आल्या होत्या आणि त्या सेंट जेम्स राजवाड्यात लोकांना पाहायला मांडल्या होत्या. त्यांत गांधीजींनी स्वतः कातलेल्या सुतापासून विणलेला लेसचा एक तुकडा होता. त्याच्या मधोमध ‘जय हिंद’ अशी अक्षरे विणलेली आहेत. तो रॉयल कलेक्शनने आजवर जपून ठेवला आहे आणि प्रदर्शनांत आवर्जून मांडला आहे. याबद्दल मी आपली ऋणी आहे. माझी सूचना अशी की हा लेसचा तुकडा आणि हार घातलेली राणीची तसबीर एकदा शेजारी शेजारी ठेवा. दोन्ही भेटी एकाच लग्नाच्या, एकाच उपखंडातून आलेल्या. एकीवर ‘जय हिंद’ विणले आहे, आणि दुसरी ज्या राज्यातून आली तिथे त्याच महिन्यात ‘जय हिंद’ म्हणणारी माणसे तुरुंगात होती. मी वर्षानुवर्षे मुलांना १९४७ शिकवले. त्या वर्षाचा गुंता एवढ्या थोडक्यात समोर मांडणारी दुसरी जोडी मला ठाऊक नाही, आणि ती निम्मी आपल्याच कपाटात आहे.

पुढचे दहा महिने आमच्याकडे कसे गेले ते थोडक्यात लिहिते, कारण आपल्याला त्याची कल्पना नसावी. रझाकारांनी गावे लुटली, जाळली. माणसे रातोरात घरदार सोडून हद्द ओलांडून गेली. जानेवारी १९४८ अखेर नांदेड जिल्ह्यातल्या उमरीची बँक स्वातंत्र्यसैनिकांनी लुटली आणि पैसा लढ्याला लावला. त्यातला एक पैसाही कोणी घरी नेला नाही, असे उमरी परिसरात आजही अभिमानाने सांगतात. हैदराबादेत ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचे संपादक शोएबउल्लाह खान रझाकारांविरुद्ध लिहीत होते आणि विलीनीकरणाची बाजू घेत होते. ऑगस्ट १९४८ मध्ये त्यांचा भर रस्त्यात खून झाला. त्यांचा लिहिता हात तोडला गेला. हा लढा हिंदू विरुद्ध मुसलमान असा नव्हता, हे सांगायला मला त्यांच्याहून मोठे नाव माहीत नाही.

१३ सप्टेंबरला भारतीय फौजा शिरल्या आणि १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली. आमच्या घराघरांत त्याला ‘पोलीस ॲक्शन’ म्हणतात आणि १७ सप्टेंबर हा आमचा मुक्तिदिन आहे. पण त्याच्या मागोमाग जे घडले तेही मी लपवणार नाही. सुंदरलाल समितीने सरकारला दिलेल्या अहवालात म्हटले की त्या दिवसांत किमान सत्तावीस हजार ते चाळीस हजार माणसे मारली गेली. त्यात बहुसंख्य सामान्य मुसलमान होते, आणि सर्वांत जास्त झळ पोहोचलेल्या जिल्ह्यांत आमचे उस्मानाबाद आणि नांदेड होते. तो अहवाल आमच्याच सरकारने कित्येक दशके दडपून ठेवला. आपल्याकडून पूर्ण इतिहास मागायचा तर आमचा भागही पूर्ण सांगितला पाहिजे.

निजामांविषयीही पूर्ण सांगितले पाहिजे. अजिंठ्याची लेणी त्यांच्या राज्यात होती. १९२० च्या सुमारास त्यांच्या सरकारने इटलीहून जाणकार बोलावून चित्रांचे पोपडे थांबवले, गुलाम याझदानी यांच्याकडून अजिंठ्याचे चार खंड तयार करवले. पुण्याच्या भांडारकर संस्थेत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम चालले होते, त्याला त्यांनी मदत केली. तिथले अतिथीगृह त्यांच्या नावाचे आहे. उस्मानिया विद्यापीठ त्यांनी काढले. उर्दूतून उच्च शिक्षण देणारे ते विद्यापीठ मोठे काम होते, आणि त्याच राज्यात मराठी-तेलुगू मुलांना आपल्या भाषेत पुढे शिकायला मिळत नव्हते, हेही तितकेच खरे. असा माणूस एका ओळीत मावत नाही. म्हणूनच ‘निजामाची भेट’ ही एक ओळ अपुरी आहे.

आपण म्हणाल, दागिन्याखालच्या पाटीवर इतका इतिहास कसा मावायचा? मावतो. आपणच ते करून दाखवले आहे. मे २०२३ पासून टॉवर ऑफ लंडनमधल्या नव्या मांडणीत कोहिनूरविषयी सांगताना तो विजयाचे प्रतीक म्हणून हातोहात गेला, हे उघडपणे मांडले आहे. आधी तिथे एवढे स्पष्ट बोलले जात नव्हते. बोलल्याने कोणाची प्रतिष्ठा कमी झाली नाही, पाहणाऱ्यांची गर्दीही कमी झाली नाही.

तसबिरींच्या बाबतीत तर आपल्याकडे सर्वांत बोलका नमुना आहे. विंटरहाल्टर या चित्रकाराने १८५४ मध्ये पंजाबच्या दुलीपसिंगांचे चित्र काढले आणि १८५६ मध्ये व्हिक्टोरिया राणीचे. पहिल्यात ज्या मुलाने दहाव्या वर्षी राज्य आणि कोहिनूर हिरा गमावला तो उभा आहे, आणि त्याच्या गळ्यात राणीचे छोटे चित्र आहे. दुसऱ्यात राणीच्या छातीवर तोच हिरा पिनेत जडवलेला आहे. १८५२ मध्ये त्याला नव्याने पैलू पाडले गेले होते आणि १८६ कॅरटांचा तो हिरा १०५ कॅरटांवर आला होता. लॉर्ड डलहौसीने तो स्वतः मुंबईला आणला आणि एप्रिल १८५० मध्ये ‘मेडिया’ या युद्धनौकेवरून तो आमच्याच किनाऱ्यावरून गेला. ही दोन चित्रे एकमेकांशेजारी न ठेवता पाहणे आता कोणालाच शक्य नाही, कारण अभ्यासकांनी त्यांच्यामधला धागा उलगडून दाखवला आहे. १९५२ च्या छायाचित्रांसाठी तसे काम अजून कोणी मनावर घेतलेले नाही.

आणि व्हिक्टोरिया राणीच्या ऑस्बोर्न हाऊस या घरातल्या दरबार कॉरिडॉरमधली रुडॉल्फ स्वोबोडाची चित्रे! व्हिक्टोरिया राणीने त्याला १८८६ मध्ये भारतात पाठवले आणि साध्या माणसांचे चेहरे रंगवून आणायला सांगितले. त्याआधी लंडनच्या प्रदर्शनासाठी आग्र्याहून आलेले कारागीर त्याने रंगवले होते. त्यात बक्षीराम नावाचा कुंभार आहे. पांढरी दाढी, पाणावलेले डोळे, वय एकशे दोन. एका कुंभाराचे नाव, गाव आणि वय राजघराण्याच्या संग्रहात सव्वाशे वर्षांहून अधिक काळ नोंदलेले राहिले. ज्या संस्थेने बक्षीरामचे नाव जपले ती संस्था रामानंद तीर्थ आणि शोएबउल्लाह खान ही दोन नावेही लिहू शकते, असा मला विश्वास वाटतो. म्हणूनच हे पत्र रागाने लिहिलेले नाही.

‘ही खाजगी भेट होती, राजकन्या एकवीस वर्षांची होती, तिला यातले काय ठाऊक असणार’ असेही कोणी म्हणेल. मला ते मान्य आहे. युद्धानंतरच्या टंचाईत स्वतःच्या लग्नाच्या कापडासाठी रेशनची कुपने वापरणाऱ्या त्या मुलीला मी दोष देत नाही. दोषाचा प्रश्नच नाही. हार खाजगी दागिन्यांत मोडतो की संग्रहात, हा हिशेबही आपण आपला ठरवावा. पण तसबिरी खाजगी नाहीत. त्या जगाला दाखवण्यासाठीच काढल्या गेल्या, आणि त्या आपल्या ताब्यात आहेत.

तसबिरींवर माझा भर असण्याचे आणखी एक कारण आहे. हाराबरोबरचा टियारा आता अस्तित्वात नाही. १९७३ मध्ये तो मोडला आणि त्यातले हिरे नव्या माणकांच्या टियाऱ्यात गेले. ती शहाण्णव माणके ब्रह्मदेशाच्या लोकांनी त्याच १९४७ च्या लग्नात दिलेली होती. ब्रह्मदेश जानेवारी १९४८ मध्ये स्वतंत्र झाला. हैदराबाद संस्थान सप्टेंबरमध्ये संपले, १९५६ मध्ये त्याचे तीन तुकडे भाषेप्रमाणे तीन राज्यांत गेले आणि आम्ही मराठी माणसांत आलो. निजामाचा मूळ टियारा ज्याला पाहायचा आहे त्याला आता चित्रे आणि छायाचित्रेच पाहावी लागतील. वस्तू मोडता येते, बदलता येते. तसबीर हाच मग पुरावा उरतो, आणि पुराव्याखाली काय लिहायचे ही आपली जबाबदारी ठरते.

नुसती मागणी करून थांबू नये म्हणून मजकुराचा एक मसुदा देते. आपल्या जाणकारांनी तो तपासावा, सुधारावा:

‘हिऱ्यांचा हार. कार्तिये, १९३० चे दशक. हैदराबादचे सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्याकडून राजकन्या एलिझाबेथ यांना विवाहाची भेट, नोव्हेंबर १९४७. भारत स्वतंत्र होऊन तेव्हा तीन महिने झाले होते. निजामाने भारतात सामील होण्यास नकार दिला होता, आणि संस्थानातील मराठी, तेलुगू, कन्नड व उर्दू बोलणारे लोक विलीनीकरण आणि लोकशाही सरकार यांसाठी लढत होते. त्यांचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांना १५ ऑगस्टला तिरंगा फडकावल्याबद्दल अटक झाली होती. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद भारतात विलीन झाले. भेटीतील टियारा १९७३ मध्ये मोडण्यात आला.’

एवढेच. एका श्वासात वाचून होते.

दुसरी विनंती कागदपत्रांची. या भेटीसंबंधी निजामाचे कार्यालय, कार्तिये आणि राजवाडा यांच्यात जो पत्रव्यवहार झाला असेल, त्यातला विंडसर इथल्या राजघराण्याच्या दप्तरखान्यात जो काही असेल तो अभ्यासकांना पाहू द्यावा. १९१२ साली राणी मेरी यांच्या इच्छेवरून राजघराण्यातल्या भारतीय दागिन्यांच्या उगमाचा एक अहवाल तयार झाला होता. तो २०२३ मध्ये एका ब्रिटिश वृत्तपत्राने उजेडात आणला आणि पंजाबच्या पाचूंच्या पट्ट्यापासून अनेक वस्तूंची वाट स्पष्ट झाली. ‘तैमूरचे माणिक’ म्हणून मिरवणारा खडा माणिक नसून स्पिनेल आहे आणि त्यावर जहांगीर, शाहजहान, नादिरशाह यांची नावे कोरलेली आहेत, हे आज कोणीही वाचू शकतो. म्हणजे आपल्या घराण्याने स्वतःच एकदा हा प्रश्न विचारला होता. तो १९११ च्या दरबारापर्यंतच्या दागिन्यांपुरता न ठेवता १९४७ पर्यंत आणावा.

हे पत्र मी आपल्यालाच लिहिते आहे असे नाही. निजामांचे १७३ दागिने भारत सरकारने १९९५ मध्ये २१८ कोटी रुपयांना विकत घेतले. जेकब हिरा त्यातच आहे. ते रिझर्व्ह बँकेच्या तिजोरीत असतात आणि अधूनमधून दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात मांडले जातात. त्या मांडणीतही सर्फ-ए-खास, वेठबिगार आणि करोडगिरी हे शब्द यायला हवेत, असे पत्र मी दिल्लीलाही पाठवत आहे. मराठवाड्यातला कुणी मुलगा शिकायला लंडनला जातो आणि सुटीच्या दिवशी आपल्या दालनात येतो, तेव्हा त्याला राणीच्या गळ्यातल्या हाराशी आपला काही संबंध आहे हे समजण्याचा कोणताच मार्ग आज नाही. हैदराबादच्या किंवा बिदरच्या मुलीलाही नाही. आपल्या संकेतस्थळावर हा मजकूर मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दूतही ठेवावा. भाषांतराला माणसे लागली तर आमच्या विद्यापीठांतले इतिहासाचे विभाग आनंदाने मदत करतील, त्यांना एकदा विचारून पाहा.

आपल्या उत्तराची वाट पाहते.

आपली,
मराठवाड्यातील एक निवृत्त शिक्षिका
१७ सप्टेंबर, मुक्तिदिन